महिन्यातला एक रविवार : मुलांच्या मराठीची आखणी आणि कणकुंबीची सहल

सीमाभागातील मराठीसंबंधी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप फलकांकडे, परिपत्रकांकडे आणि न्यायालयातील तारखांकडे वळते. आम्हीही या ठिकाणी बहुतांशी त्याच विषयांवर लिहीत आलो आहोत आणि पुढेही लिहू. परंतु गेल्या जूनपासून बेळगावातील अकरा कुटुंबांनी मिळून एक छोटा उपक्रम चालविला आहे. महिन्यातील एक रविवार मुलांच्या मराठीसाठी आणि वर्षातून एक सहल, एवढाच त्याचा विस्तार. त्याची आखणी करताना जे प्रश्न आमच्यापुढे उभे राहिले, ते इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा गोवा येथील मराठी घरांतही उभे राहत असतील, असे वाटल्यावरून हा वृत्तान्त सविस्तर लिहीत आहोत.

उपक्रमाचे मूळ आमच्या व्यवसायात आहे. दोन वर्षांपूर्वी तिशीतील एक पक्षकार जमिनीच्या वादासंबंधी कागदांचे बोचके घेऊन आमच्याकडे आला. त्यात त्याच्या पणजोबांच्या काळातील दोन मोडी कागद होते आणि आजोबांच्या वेळचे एक वाटणीपत्र होते. वाटणीपत्र स्वच्छ बाळबोध लिपीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. मोडी वाचता येत नाही याचे नवल नव्हते, आजच्या वकिलांपैकीही फार थोड्यांना ती वाचता येते. पण वाटणीपत्रही त्याने आमच्याचकडे सरकविले आणि म्हणाला, "काका, तुम्हीच वाचून सांगा की. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण एवढं सलग वाचायला मला जमत नाही." विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दोन भावांत कशा वाटाव्यात, आईच्या पोटगीसाठी दरसाल किती भात कोणी घालावे, आंब्याच्या कोणत्या झाडावर कोणाचा हक्क, हे सारे त्यात लिहिले होते. त्याच्या आजोबांनी ते पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणूनच लिहून ठेवले होते. ते नातवाला कळण्यासाठी परका माणूस, तोही फी घेणारा, मध्ये बसवावा लागला.

त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकला. पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. या मांडणीत मराठीला तासच उरला नाही. देवनागरी त्याला हिंदीमुळे अक्षरओळखीपुरती येत होती. बोलण्याची मराठी घरात मिळाली, वाचण्या-लिहिण्याची कोठेच मिळाली नाही. आज शहरातील सुशिक्षित मराठी घरांतून अशी मुले मोठ्या संख्येने वाढत आहेत आणि त्यांत आमच्या सहकाऱ्यांची, भावाबहिणींची मुलेही आहेत.

कायद्याची बाजू येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. राज्यघटनेतील कलम ३५० क हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या वर्षीच, घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. दुसरीकडे, २०१४ मध्ये कर्नाटकातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, मातृभाषेचे माध्यम राज्याला कोणावर लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा आहे. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांतून कन्नड भाषा शिकविणे अनिवार्य झाले. राज्याची भाषा मुलांना यावी, याविषयी आमची तक्रार नाही. आमच्या मुलांना येथेच व्यवसाय करावयाचे आहेत आणि जिल्हा न्यायालयात कन्नड येत नसलेल्या वकिलाचे काय होते ते आम्ही रोज पाहतो. परंतु या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे एवढे स्पष्ट दिसते की, ज्या पालकांनी इंग्रजी माध्यम स्वेच्छेने निवडले, त्यांच्या मुलांना मराठी शिकविण्याची जबाबदारी अन्य कोणावर टाकता येत नाही. मराठी शाळांसाठी झगडणे हे सार्वजनिक काम झाले. आपल्या घरातील मुलाला मराठी वाचता येणे हे आपले काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही सरकारी परवानगीची गरज नाही.

अकरांपैकी तीन कुटुंबे मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवितात. या 'घरशाळे'विषयी आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १० मुलास जवळच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा व्हावी अशी तरतूद त्या कायद्यात नाही. मान्यतेवाचून शाळा चालविण्यास मात्र कलम १८ प्रमाणे मनाई आहे. म्हणून आम्ही आरंभीच ठरविले की, फी घ्यावयाची नाही, हजेरीपट किंवा प्रमाणपत्र ठेवावयाचे नाही आणि स्वतःस शाळा म्हणवावयाचे नाही. घरशाळेतील मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात. तेथे माध्यमिक स्तरावर मराठी हा विषय घेता येतो. उरलेल्या आठ घरांतील मुले नेहमीच्या शाळांत जातात. एकूण मुले एकोणीस, वये सहा ते चौदा.

मे महिन्यात पहिली बैठक झाली. वर्षाचे वेळापत्रक तासाभरात होईल अशा समजुतीने सारे आले होते. प्रत्यक्षात तीन बैठका लागल्या, कारण तीन प्रश्नांवर मतभेद झाले.

पहिला प्रश्न, कोणती मराठी शिकवावयाची? एका भगिनींचे म्हणणे असे की, मुलांना पुण्याच्या पुस्तकांतील शुद्ध भाषा यावी, नाहीतर पुढे त्यांचे हसे होते. हे म्हणणे अनुभवातून आलेले होते, म्हणून ते हसण्यावारी नेता येत नव्हते. आमच्याकडे मुलगीही सहज "मी आलो", "मी गेलो" म्हणते, "काय करालास?" विचारते, "ये की", "बस की" असा आग्रह करते. पुण्या-मुंबईकडे गेल्यावर तिला यावरून चिडविले जाते. परंतु हीच बोली तिच्या आजीची आहे, आणि आजीची भाषा चुकीची म्हणून मुलीला शिकविले तर ती आजीशी बोलणे कमी करील, पुस्तकातील मराठी काही बोलू लागणार नाही. पु. ल. देशपांडे बेळगावात प्राध्यापक होते. येथल्या माणसाच्या तोंडची कानडी वळणाची मराठी त्यांनी 'रावसाहेबां'च्या व्यक्तिचित्रातून महाराष्ट्रभर पोहोचविली आणि वाचकांनी तिच्यावर प्रेम केले. अखेर असे ठरले की, बोलताना घरची बोली, लिहिताना प्रमाण मराठी, आणि दोहोंतील भेद मुलांनी स्वतः वहीत टिपावयाचे. ही 'दोन रकान्यांची वही' पुढे सर्वांत लाडकी ठरली. डावीकडे घरचे वाक्य, उजवीकडे पुस्तकातील. कोणत्याही रकान्यावर तांबडी खूण करावयाची नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. आमच्या गल्लीतील एका कन्नडभाषक कुटुंबाने विचारले की, त्यांची दहा वर्षांची मुलगी रविवारी आली तर चालेल का? तिच्या मैत्रिणी गटात होत्या आणि तिच्या आईला मराठी गाण्यांची आवड होती. यावर बैठकीत शांतता पसरली. दोन कुटुंबांनी स्पष्ट विरोध केला. त्यांच्या घरांनी सीमालढ्यात लाठ्या खाल्लेल्या आहेत. आमच्या मुलांना कन्नड शिकावेच लागते, मग निदान ही एक जागा तरी आमची राहू द्या, असे त्यांतील एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले.

त्या वेळी चर्चा भाषेच्याच एका वैशिष्ट्यावर आली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन निराळे शब्द आहेत. 'आम्ही जातो' यात ऐकणारा नाही, 'आपण जाऊ' यात तो आहे. हा भेद इंग्रजीत नाही. भाषेचे अभ्यासक तो द्राविडी भाषांशी आलेल्या दीर्घ संपर्काशी जोडतात. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असा नेमका हाच भेद आहे. गंमत अशी की आजच्या कन्नडात दोहोंसाठी 'नावु' हा एकच शब्द उरला आहे. आमची भाषा शेजाऱ्यांच्या सहवासात किती घडली आहे, हे तूप आणि 'तुप्प', अडकित्ता आणि सुपारीला असलेला कन्नड शब्द 'अडिके', अण्णा आणि अक्का यांतूनही दिसते. सीमावादात आमची भूमिका काय आहे हे नियमित वाचक जाणतात, आणि तीत तसूभरही फरक झालेला नाही. परंतु राज्याच्या धोरणाशी असलेला वाद दहा वर्षांच्या मुलीवर काढणे हा वादाचा मार्ग नव्हे, आणि मराठी शिकू इच्छिणाऱ्या माणसाला दारातून परत पाठविणे हे तर मराठीचेच नुकसान, असे आम्ही मांडले. मत घेतले. मुलगी आली. विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक कुटुंब गटातून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी पुढे दुसरे आले. बाहेर पडलेल्यांशी आमचा घरोबा आजही आहे, पण ते रविवारी येत नाहीत, याची खंत राहिली आहे.

तिसरा प्रश्न सहलीचा. तो पुढे सांगू. आधी महिन्यांची आखणी.

वेळ सकाळी दहा ते एक. प्रत्येक वेळी निराळे घर यजमान. एक तास वाचन-लेखन, एक तास हाताचे काम, मग एकत्र जेवण. प्रत्येक महिन्याची जबाबदारी दोन कुटुंबांकडे, आणि त्यांपैकी एका घरात आजी किंवा आजोबा असलेच पाहिजेत, हा नियम. जूनमध्ये मुलांनी आपली पूर्ण नावे, आडनावे आणि गावांची नावे देवनागरीत लिहिली. यातच दोन तास गेले, कारण 'ज्ञ', 'क्ष', 'ळ' आणि रफार यांपाशी बहुतेक जण अडले. जुलैत भाताची लावणी होती. येळ्ळूर परिसरातील बासमती तांदूळ प्रसिद्ध आहे. तेथील एका परिचिताच्या शेतात मुले चिखलात उतरली. चिखलणी, रोप, बांध, वाफा हे शब्द त्यांना पाठ करावे लागले नाहीत. परतल्यावर त्यांनी पाच-पाच वाक्ये लिहिली. ज्या मुलाने तोवर एकही ओळ लिहिली नव्हती, त्याने पाचाच्या जागी आठ लिहिली. विषय होता चिखलात रुतलेली चप्पल.

श्रावणात आज्यांची पाळी आली. प्रत्येक मुलाने आपल्या किंवा शेजारच्या आजीकडून जात्यावरची एकेक ओवी मिळवून, तिच्याच उच्चारांप्रमाणे लिहून आणावयाची होती. कवयित्री इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावात गेले आणि बायकांच्या ओव्यांवर त्यांनी 'मालनगाथा' सिद्ध केली, हे मुलांना सांगितले तेव्हा आपणही तसेच काही करीत आहोत याचा त्यांना अभिमान वाटला. एका आजींनी तर सांगितले की, जाते घरातून जाऊन चाळीस वर्षे झाली, तेव्हापासून कोणी ओवी विचारलीच नव्हती. मुलांनी त्या दिवशी एकोणीस ओव्या आणावयाच्या होत्या, आल्या एकतीस.

सप्टेंबरात गणपतीच्या आरतीचा शब्दशः अर्थ. सर्वांना पाठ असलेली आरती एकालाही समजत नव्हती, मोठ्यांपैकीही अनेकांना नाही. ऑक्टोबरात दिवाळीचा किल्ला आणि त्याच्या भागांची नावे, म्हणजे बुरूज, तटबंदी, माची, दिंडी दरवाजा. नोव्हेंबरात खऱ्या किल्ल्यात, म्हणजे बेळगावच्या भुईकोटात गेलो. तेथील कमल बस्ती हे १२०४ मधील, रट्ट राजवटीतील जैन मंदिर आहे. शहरात जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्यांनी ते प्रथमच पाहिले. छतातील दगडी कमळ पाहण्यासाठी ती जमिनीवर उताणी झोपली आणि तेथेच त्यांच्या वर्णनाला आरंभ झाला.

जानेवारीचा रविवार आम्ही साहित्य संमेलनासाठी राखला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा यांसारख्या गावांतून ग्रामस्थ आपल्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवितात. महाराष्ट्रातील वाचकांना याची कल्पना कमी असते. मुलांना कथाकथनाच्या सत्रास बसविले. परिसंवादाला बसविले नाही. फेब्रुवारीच्या २७ तारखेस, मराठी भाषा गौरव दिनी, वर्षभराच्या लेखनाचे हस्तलिखित तयार झाले. मार्च परीक्षेसाठी मोकळा.

आता सहल. येथे तिसरा मतभेद होता. काहींना वाटे की, सीमाप्रश्नाशी निगडित स्थळीच मुलांना न्यावे, इतिहास त्यांना कळावा. आमच्या मते इतिहास कळलाच पाहिजे, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला भाषेची पहिली ओळख तक्रारीतून होऊ नये. मोठ्या मुलांसाठी नकाशे, १९५६ ची पुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा यांवर स्वतंत्र बैठक घ्यावी, असे ठरले आणि ती झालीही. सहलीसाठी मात्र कणकुंबी निवडले.

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातील गाव, बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तेथे माऊलीचे देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगम तेथेच मानला जातो. मलप्रभा पूर्वेकडे निघते, खानापुरावरून, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराजवळून, पट्टदकल आणि ऐहोळे या चालुक्यांच्या मंदिरनगरांजवळून वाहत कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. याच परिसरातील कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो; म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एका गावाच्या आसपास पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, हे मुलांना नकाशावर आधी दाखविले, पण त्यांचा विश्वास बसला नाही. पावसाळ्यात तेथे जाणे शहाणपणाचे नाही. डिसेंबरात हवा थंड, रस्ता कोरडा आणि झऱ्यांत थोडे पाणीही असते, म्हणून डिसेंबर.

तयारीचा तपशील उपयोगी पडेल म्हणून देतो. एक मिनी बस, सकाळी सातला प्रयाण, सायंकाळी पाचला परत. दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस. वळणाच्या रस्त्याने मुलांना मळमळते, म्हणून आवळासुपारी, लिंबू आणि रिकाम्या पिशव्या. जेवण घरून, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात. कचरा परत आणण्यासाठी एक पोते. प्रत्येक घराकडून साडेतीनशे रुपये घेतले आणि उरलेले परत केले. प्रत्येक मुलाकडे एक वही आणि एकच काम, पाण्याशी संबंधित शब्द गोळा करणे. कोणास विचारावयाचे, कसे विचारावयाचे, परवानगी कशी मागावयाची, याचा सराव आदल्या महिन्यात करून घेतला होता.

कुसमळीपाशी मलप्रभा प्रथम दिसली आणि बस थांबविली. येथे नदी बऱ्यापैकी रुंद आहे. पुढे आपण तिच्या जन्मस्थानाकडे चाललो आहोत, हे येथे मुलांना उमगले. रस्त्याच्या फलकांवर कन्नड आणि इंग्रजी होते. लहान मुलांना कन्नड अक्षरे अजून नीट येत नव्हती. ज्या मुलीच्या प्रवेशावरून एवढी चर्चा झाली, ती खिडकीशी बसून गावांची नावे मोठ्याने वाचू लागली आणि बाकीची मुले ती देवनागरीत उतरवू लागली. हे कोणी योजले नव्हते. बसमध्ये मोठी माणसे होती, ती काही बोलली नाहीत.

गावात देवदर्शन झाल्यावर मुले तीन-तीनच्या टोळ्यांनी निघाली. एका अंगणात सूप घेऊन बसलेल्या वृद्ध बाईंना त्यांनी नमस्कार करून विचारले, "आजी, नदीला तुम्ही काय म्हणता?" त्या म्हणाल्या, "न्हंय." मुले एकमेकांकडे पाहू लागली. एकाने धीर करून विचारले, "ही मराठी की कोंकणी?" आजी हसल्या. "आमची बोली," म्हणाल्या, आणि सूप पाखडू लागल्या. दुपारपर्यंत वह्या भरल्या. नदी, न्हंय, होळे. ओढा, ओहोळ, व्हाळ, हळ्ळ. विहीर, बांय, बावी. झरा, डोह, तळे, केरे. मराठी, कोंकणी आणि कन्नड असे तीन रकाने आम्ही आखून दिले होते. पण कित्येक शब्द नेमके कोणत्या रकान्यात घालावेत हे मुलांना ठरविता आले नाही, कारण सांगणारी माणसे दोन्ही-तिन्ही रकान्यांतले शब्द एकाच वाक्यात वापरीत होती. एका मुलाने चौथा रकाना स्वतःच आखला आणि त्यावर 'कणकुंबी' असे लिहिले.

उगमापाशी बसून जेवण झाले. म्हादईच्या पाण्याचा वाद मुलांना बातम्यांतून ठाऊक होता, तेव्हा प्रश्न येणारच होते. २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिला, तरी वाद संपलेला नाही, एवढे सांगितले. त्यावर बारा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "काका, पाण्याला कोणती भाषा येते?" मोठी माणसे हसली, ती हसली नाही. तिला खरोखरच असे विचारावयाचे होते की, ज्या पाण्यासाठी तीन राज्यांत भांडण आहे, ते ज्या गावातून निघते त्या गावच्या माणसांना कोणी विचारले का? असा प्रश्न आम्हाला न्यायालयात फारसा ऐकू येत नाही. तिला तो वहीत लिहावयास सांगितला आणि तिने तो शुद्ध मराठीत, एकही काना-मात्रा न चुकता लिहिला. जूनमध्ये हीच मुलगी आपल्या आडनावातील रफारापाशी अडली होती.

वर्षअखेरीचा हिशेब प्रामाणिकपणे सांगावयाचा तर असा. एकोणीसपैकी चौदा मुले आता मराठी मजकूर सलग वाचतात. त्यांपैकी सहा आपणहून पुस्तक मागतात. तिघांची प्रगती फार मंद आहे आणि दोघांनी येणेच सोडले, कारण रविवारीच त्यांचे शिकवणीवर्ग असतात. दहा रविवारांत भाषा येत नाही. तिची गोडी लागते, आणि पुढचे काम घरात रोज अर्धा तास झाले तरच टिकते. शहरात १९१९ पासून निघणारे 'तरुण भारत' घरोघर येते. मुलाने सकाळी त्यातील एक बातमी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावी, एवढी सवय लागली तरी पुरे.

अन्य ठिकाणच्या वाचकांना आमची विनंती अशी की, आमचे वेळापत्रक जसेच्या तसे घेऊ नये. आपापल्या भूमीतील मराठीच्या खुणा शोधाव्यात. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेथील मुलांनी मध्यवर्ती ग्रंथालयातील मराठी विभागापासून आरंभ करावा. इंदूरकरांना महेश्वर जवळ आहे. गोव्यातील मुलांना आमच्याच मांडवीच्या काठाने वर येता येईल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत कोरलेला आहे; दक्षिणेत स्थायिक झालेल्या घरांना याहून चांगली सहल कोणती? बरोबर आजी-आजोबा हवेत, वही हवी आणि वहीत किमान दोन रकाने हवेत.

पुढील वर्षी आम्ही मलप्रभेच्या दुसऱ्या टोकाला, ऐहोळे-पट्टदकलला जाण्याचे योजिले आहे. अंतर मोठे असल्याने एक मुक्काम लागेल आणि खर्चही वाढेल. मुले आतापासून कन्नड अक्षरे गिरवीत आहेत, कारण तेथील शिलालेख कन्नड लिपीच्या जुन्या रूपात आहेत आणि निदान एखादे अक्षर तरी ओळखता यावे अशी त्यांची इच्छा आहे. त्यांना शिकविण्याचे काम शेजारच्या त्या मुलीने आणि तिच्या आईने पत्करले आहे. मोडी शिकविण्यास मात्र अद्याप कोणी मिळालेले नाही. मोडी उत्तम वाचणारे आणि महिन्यातला एक रविवार देऊ शकणारे कोणी बेळगाव, खानापूर किंवा चंदगड परिसरात असतील तर त्यांनी अवश्य कळवावे. वाचावयाचे कागद आमच्याकडे पुष्कळ आहेत.